झांग झाओशूची बर्कलीतली वर्षं

चीनचा उंच बास्केटबॉलपटू म्हटलं की सगळ्यांना याओ मिंगच आठवतो. मला मात्र झांग झाओशूबद्दल लिहायचंय. १९८७चा जन्म, उंची ७ फूट ३ इंच. अमेरिकेत सगळे त्याला 'मॅक्स' म्हणायचे.

हा पोरगा बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकत शिकत खेळला. तेव्हा अमेरिकेत कॉलेजच्या खेळाडूला एकूण चार हंगाम मिळायचे आणि अभ्यासात पास होत राहणं सक्तीचं असायचं. परक्या भाषेत लेक्चर, वर रोजचा सराव, हे मला खरंच मोठं वाटतं!

झांग बहुतेक बदली खेळाडू म्हणून उतरायचा. त्याचं काम ठरलेलं: बास्केटखाली उभं राहायचं आणि घुसणाऱ्याचा शॉट अडवायचा. अशी काही मिनिटंसुद्धा समोरच्या संघाला बिचकवतात, कारण उडी न मारताही त्याचा हात रिंगच्या आसपास पोचायचा. त्याच संघाचा हुकमी एक्का होता जेरोम रँडल, उंची जेमतेम ५ फूट १० इंच! २०१०मध्ये या संघाने पॅक-१० या विद्यापीठांच्या साखळीचं विजेतेपद मिळवलं, तेही तब्बल ५० वर्षांनी. पुढे राष्ट्रीय स्पर्धेत लुईव्हिलला हरवून ते ड्यूककडून हरले, आणि ड्यूकच त्या वर्षीचा विजेता ठरला.

दोन हंगाम शिल्लक असताना झांग मायदेशी परतला, व्यावसायिक खेळू लागला. २०१२च्या लंडन ऑलिम्पिकला तो चीनच्या संघात होता.