गोळी तीच, त्रास मात्र एकीलाच

‘सारखं तोंड काय हलवतेस? काय चघळतेस?’ मानसिक आजाराच्या गोळ्या घेणाऱ्या बाईला घरात हे कितीदा तरी ऐकावं लागतं. तोंडात काहीच नसतं. जीभ आपोआप फिरते, ओठ हलत राहतात. कुणाचे पाय एका जागी ठरत नाहीत. मग शेजारीण म्हणते, आजार वाढला. सासूबाई म्हणतात, नाटकं. बाहेरचं काही असेल, असंही कुणीतरी हळूच सुचवतं. खरं कारण पुष्कळदा औषधांच्या डब्यात असतं.

मैत्रिणींनो, ही औषधं वाईट नाहीत. भास आणि संशय कमी करणारं क्लोरप्रोमाझिन १९५२ मध्ये पॅरिसमध्ये वापरात आलं आणि वर्षानुवर्षं इस्पितळात अडकलेली कितीतरी माणसं घरी परतली. ही औषधं मेंदूतल्या डोपामिन या रसायनाला आवरतात. पण आपली हालचाल नीट ठेवण्याचं कामही हेच डोपामिन करतं, आणि तिथेच घोळ होतो. सुरुवातीच्या दिवसांत मान वाकडी होते, डोळे वर फिरतात. तरुण मुलांमध्ये हे जास्त. पुढे हात थरथरतात, चाल आखडते. तोंडाची ती चाळवाचाळव बहुधा काही महिन्यांनी किंवा वर्षांनी सुरू होते. डॉक्टर तिला टार्डिव्ह डिस्कायनेशिया म्हणतात. उतारवयातल्या बायकांना आणि मधुमेह्यांना तिचा धोका अधिक. ती चिवट असते, औषध थांबवलं तरी कधीकधी राहते.

पण एकाच आईच्या दोघी लेकी, गोळी तीच, डोसही तोच. मग एक ठणठणीत आणि दुसरी लाकडासारखी ताठ, असं का होतं?

काही उत्तर जनुकांत सापडतं. आपल्या यकृतात सीवायपी२डी६ नावाचं एन्झाइम असतं. हॅलोपेरिडॉल, रिस्पेरिडोन यांसारख्या औषधांचा निचरा करण्यात त्याचा मोठा वाटा असतो. काहींमध्ये ते जन्मतःच मंद असतं. मोरीचं भोक बारीक असलं की बादलीभर पाणीही तुंबतं, तसंच हे. नेहमीचा डोसही अंगात साचत जातो. म्हणून नेदरलँड्सच्या औषधतज्ज्ञांनी अशा रुग्णांना ही औषधं कमी मात्रेत द्यायला सांगितलं आहे. नैराश्यासाठी दिली जाणारी फ्लुओक्सेटिनची गोळी तर चांगल्या चालणाऱ्या मोरीतही बोळा कोंबते! तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांची औषधं चालू असतील तर ती लपवू नका. डोपामिन मेंदूत जिथे जाऊन बसतं, त्या जागांची घडणही जनुकांप्रमाणे थोडी वेगळी असते. मात्र एकाच जनुकावर सगळा दोष टाकता येत नाही.

जनुक म्हटलं की आपल्याकडे लगेच ‘घराण्यातच दोष आहे’ सुरू होतं, स्थळं परत जातात. पण हे जनुक वेडाचं नव्हे. औषधाचा निचरा मंद असणं हे अगदी ठणठणीत नणंदेतही असू शकतं. तिला ती गोळी लागत नाही, म्हणून कळत नाही, इतकंच.

मग तपासणी करून घ्यावी का? डॉक्टरांनी सुचवली तर जरूर. पण माझ्या मते त्याआधी एक फुकटचं काम करावं. घरात आणखी कुणाला अशा औषधानं त्रास झाला होता का, हे आठवून डॉक्टरांना सांगावं. भावाची मान इंजेक्शननंतर वाकडी झाली होती, एवढी माहितीही मोलाची. हालचालींचं मोबाइलवर चित्रण करून ठेवा; डॉक्टरांसमोर त्या नेमक्या दिसत नाहीत.

मुलगी पाहायला पाहुणे येणार म्हणून आठ दिवस गोळ्या बंद करणारी घरंही असतात. तसं करू नका. आजार उलटतोच, शिवाय हालचाली वाढूही शकतात. डोस कमी करणं, औषध बदलणं हे डॉक्टरांनीच करायचं. थरथरीवर चालणारी ट्रायहेक्सीफेनिडिलची गोळी तोंडाच्या हालचाली वाढवू शकते, म्हणून तीही मनानं घेऊ नये. या हालचालींसाठी टेट्राबेनाझिन वापरतात. व्हॅलबेनाझिन आणि ड्यूटेट्राबेनाझिनला अमेरिकेत २०१७ मध्ये मान्यता मिळाली. विचारायला कुणी नसेल तर सरकारच्या टेलि-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे.

आणि हो, घरातली पित्ताची कॅप्सूल उलटून बघा. लेव्होसल्पिराइड लिहिलंय? उलटीच्या गोळीवर मेटोक्लोप्रमाइड? तीही डोपामिनलाच अडवतात. कुणाची थरथर त्यानंतर सुरू झाली असेल तर पाकीट घेऊनच डॉक्टरांकडे जा.