पैसे घेताना सही नको

श्रोतेहो, मनीऑर्डर आपणांपैकी पुष्कळांना आठवत असेल. १८८० साली टपालखात्याने ती आपल्या देशात सुरू केली, आणि पुढे मुंबईच्या गिरणीत राबणाऱ्या मुलाचे पैसे गावाकडच्या आईच्या हाती याच वाटेने पडू लागले. पोस्टमन दारात आला की फॉर्मावर सही करायची, नाहीतर अंगठा उठवायचा; मग नोटा मोजून घ्यायच्या. ‘सही केल्याशिवाय पैसे मिळत नाहीत’ हा धडा आपल्या घरांतून पिढ्यानपिढ्या गिरवला गेला. मोबाईलवरच्या व्यवहारात मात्र हाच जुना धडा घातक ठरतो. कसा, ते पाहू या.

खराडी हे पूर्वी मुळा-मुठेच्या काठचे शेतीवाडीचे गाव. आता तेथे संगणक-कंपन्यांचे मनोरे उभे आहेत. पण त्यांच्या पायथ्याशी मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या विकणाऱ्या बाया आजही बसतात. टोपलीजवळ क्यूआर कोडचा कागद असतो. गिऱ्हाईक त्यावर मोबाईल धरते, रक्कम घालते, आपला पिन दाबते आणि पैसे पोचतात. आता नीट पाहा : पिन कोणी दाबला? पैसे देणाऱ्याने. भाजीवालीने काहीच दाबले नाही. २०१६ साली सुरू झालेल्या यूपीआय व्यवस्थेचे मर्म एवढ्यातच आहे. मनीऑर्डरीत सही घेणाऱ्याची. येथे सही देणाऱ्याची. पिन म्हणजे आपल्या खात्यातून पैसे काढण्याची सही.

याच भागातल्या एका निवृत्त गुरुजींची हकिगत सांगतो. त्यांना जुनी दुचाकी विकायची होती. फोनवरचे गिऱ्हाईक मोठ्या अदबीने म्हणाले, “गुरुजी, विसार पाठवतो. मी धाडलेला कोड स्कॅन करा अन् पिन टाका, रक्कम जमा होईल.” गुरुजींनी पिन टाकला, दहा हजार गेले. “चूक झाली, परत करतो, पुन्हा टाका.” त्यांनी पुन्हा टाकला! आयुष्यभर गणित शिकवलेला माणूस. त्यांचे गणित चुकले नव्हते, सवय नडली होती. लाजेपोटी त्यांनी चार दिवस घरीही सांगितले नाही. तेवढ्यात पैसे पसार झाले.

ही लाजच चोराच्या पथ्यावर पडते. तो पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात वळवीत असतो. पाटाचे पाणी पुढच्या वाफ्यात शिरण्यापूर्वी बांध घालावा, तसे पुढच्या खात्यात पैसे अडविता येतात. पण वेळेवर कळवले तरच. म्हणून फसगत होताच १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर फोन करावा आणि आपल्या बँकेलाही कळवावे. रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्ये घालून दिलेल्या नियमांतही हेच तत्त्व होते : स्वतःच गुपित फोडले असेल तर कळवीपर्यंतचे नुकसान आपले, कळविल्यानंतरचे बँकेचे.

आता रोजच्या चार गोष्टी. पिन दाबण्यापूर्वी पडद्यावर दिसणारे नाव वाचावे. माल देताना गिऱ्हाईकाने दाखविलेल्या मोबाईलवर विसंबू नये. पैसे आपल्या खात्यात आले का, ते पाहावे. आपल्या कोडवर दुसऱ्याचा कागद चिकटवलेला नाही ना, हे रोज सकाळी तपासावे. आणि रोजच्या व्यवहारासाठी थोड्या शिलकेचे वेगळे खाते ठेवावे. पिकाचे पैसे त्यात ठेवू नयेत.

शिक्षक मित्रांनो, हा पाठ वर्गात एकदा घ्या. मुले घरी जाऊन आजी-आजोबांना विचारतील, “पैसे घ्यायचे असतील तर पिन टाकायचा का?” आणि उत्तर पाठ करून घेतील : “द्यायचे असतील तर पिन; घ्यायचे असतील तर काही नाही.” एवढे ज्या घरात पाठ झाले, त्या घराची कष्टाची कमाई निम्मी सुरक्षित झाली असे समजावे.