लढून परतल्यावर जायचं कुठे?

खारदांड्यातल्या माजी सैनिकाने आधी मुंबई उपनगरचं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय गाठावं. नोंदणी, मुलांची शिष्यवृत्ती, नोकरीची चौकशी तिथेच. उपचारांसाठी 2003 पासून ईसीएचएस ही माजी सैनिकांची आरोग्य योजना आहे. पण रात्र रात्र झोप नसणं, फटाक्याने दचकणं, घरच्यांवर भडकणं ‘लष्करी स्वभाव’ म्हणून खपवलं जातं, आणि तिथेच वेळ जातो. टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 क्रमांक मोफत, चोवीस तास, मराठीतही. डिसेंबर 2023 मध्ये पुण्याच्या एएफएमसी या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात सैनिक आणि कुटुंबीयांसाठी तिचा वेगळा कक्षही सुरू झाला. शरीराने जखमी झालेल्या सैनिकांना हुन्नर शिकवणारी खडकीची क्वीन मेरी संस्था तर पहिल्या महायुद्धातली, 1917 ची. अशा जखमांतूनही सावरता येतं: 1965 च्या युद्धात गोळ्या झेललेले सैनिक मुरलीकांत पेटकर उपचार म्हणून पोहायला लागले. 1972 मध्ये हायडेलबर्गला त्यांनी पॅरालिम्पिक सुवर्णपदक जिंकलं.