काटकोनात कापणारा सरकपाट

विज्ञान-प्रदर्शनासाठी लाकडी पेटी करताना चारही फळ्या मापाने कापल्या, खिळे ठोकले आणि तरी कोपऱ्यात फट राहिली, असे तुमचे कधी झाले आहे का? ठाण्यातील कोलशेत येथे आमच्या शेजारचा नववीतला एक मुलगा अशीच पेटी घेऊन माझ्याकडे आला. पेटी होती सूचिछिद्र कॅमेऱ्याची. फटीतून उजेड आत शिरे आणि पडद्यावरची प्रतिमा पुसट होई. आम्ही दोघे खाडीच्या बाजूच्या एका सुतारकामाच्या कारखान्यात गेलो. तेथील मिस्त्री हसून म्हणाले, "मशीन सरळच कापते रे बाळा, तिरका जातो तो हात!"

ते यंत्र म्हणजे बँडसॉ, अर्थात पट्टा-करवत. दातेरी पोलादी पट्टा दोन चाकांवरून अखंड फिरत असतो. या करवतीचे पेटंट इंग्लंडमध्ये विल्यम न्यूबेरी यांनी 1808-09 च्या सुमारास घेतले. पण पट्ट्याचा सांधा टिकत नसे. 1846 मध्ये फ्रान्समधील अ‍ॅन पॉलिन क्रेपिन या बाईंनी सांधा जोडण्याची चांगली रीत काढली, तेव्हा कोठे ही करवत उपयोगी ठरली. चाकाचा व्यास 35 सेंमी आणि फेरे मिनिटाला 700 धरून पट्ट्याचा वेग काढून पाहा. तो सेकंदाला सुमारे 13 मीटर येईल. म्हणून एक गोष्ट आधीच सांगतो : हे यंत्र चालवायचे ते जाणत्या मिस्त्रींनीच. आपण लांब उभे राहून पाहायचे.

आता हात तिरका का जातो? मोकळी वस्तू सहा प्रकारे हलू शकते : तीन दिशांना सरकणे आणि तीन अक्षांभोवती फिरणे. मेजावर दाबून धरलेल्या फळीचे तीन प्रकार बंद होतात. उरतात पुढे-मागे सरकणे, डावी-उजवीकडे सरकणे आणि मेजावरच गोल फिरणे. आपल्याला हवे फक्त पहिले. बाकीचे दोन बंद करण्याचे साधन म्हणजे सरकपाट.

मिस्त्रींनी 12 मिमी जाडीचा प्लायवुडचा तुकडा घेतला. त्याच्या खाली सागवानाची एक पट्टी बसवली. ही पट्टी मेजाच्या खोबणीत डुगडुगता कामा नये, पण अडकताही कामा नये. पावसाळ्यात लाकूड रुंदीत फुगते, म्हणून पट्टी अगदी घट्ट ठेवायची नाही. तिला मेण चोळले की घर्षण कमी होते. पाटावर, चालवणाऱ्याच्या बाजूला, एक जाड आडपट्टी दोन स्क्रूंनी बसवली. फळी या पट्टीला टेकवायची आणि सारा पाटच करवतीकडे ढकलायचा. करवत पाटाला आडपट्टीपर्यंतच चीर पाडते. पाट त्यापुढे जाऊ नये म्हणून अडणीही लावली.

पण आडपट्टी करवतीच्या मार्गाशी खरोखर काटकोनात आहे हे कसे ओळखावे? गुण्या लावून? गुण्याच चुकीचा असेल तर? येथे एक सुंदर युक्ती आहे. कडा समांतर असलेली 100 मिमी रुंदीची फळी कापा. एक तुकडा पालथा करा आणि दोन्ही तुकडे सरळ पट्टीला टेकवून कापलेली टोके जुळवा. काटकोन अचूक असेल तर फट दिसणार नाही. चूक असेल तर ती दुप्पट होऊन दिसेल.

आमच्या तुकड्यांत एका बाजूला 1 मिमी फट पडली. म्हणजे दुप्पट चूक 1/100 रेडियन आणि खरी चूक 1/200 रेडियन, सुमारे 0.29 अंश. आडपट्टीच्या दोन स्क्रूंमधील अंतर 300 मिमी होते. तेव्हा एक स्क्रू तसाच ठेवून दुसरे टोक 300 ÷ 200 = 1.5 मिमी सरकवायचे! मिस्त्रींनी तसे केले, पुन्हा फळी कापली, तुकडा पालथा केला. फटीत कागदही शिरेना. पेटीच्या फळ्या नव्याने कापल्या आणि त्या मुलाच्या पडद्यावर खिडकीची उलटी प्रतिमा स्वच्छ उमटली.

एक इशारा : गोल दांडा या पाटावर नुसता ठेवून कापू नये. दाते त्याला कडेवर खाली ओढतात आणि तो गर्रकन फिरतो. त्याला खाचेच्या ठोकळ्यात घट्ट बसवावे लागते.

ही उलटून पाहण्याची रीत फक्त सुताराची नाही. गवंडी स्पिरिट लेव्हलची टोके अदलाबदल करून ती तपासतो. तराजूच्या दोन भुजा सारख्या आहेत का, हे पारड्यांतील वस्तू बदलून कळते. तुमच्या कंपासपेटीतला गुण्याही तपासा. एका रेषेवर तो टेकवून लंब काढा, मग गुण्या पालथा करून त्याच बिंदूतून दुसरा लंब काढा. दोन रेषांमध्ये कोन पडला, तर त्याच्या निम्मी चूक तुमच्या गुण्याची. वर्गातले सगळे गुण्ये एकदा असे तपासून पाहाच!