पिवळे पान, फिकट पापणी

गेल्या महिन्यात एक बागायतदार पत्नीला घेऊन दवाखान्यात आले. जिना चढताना बाईंना धाप लागत होती. तपासता तपासता यजमानांच्या पिशवीतून डोकावणारी उसाची पिवळी पाने दिसली. विचारले तर म्हणाले, "केवडा पडलाय डॉक्टर. औषधाच्या दुकानात दाखवायला निघालो होतो, जाता जाता हिला आणली. एक सलाईन लावा, म्हणजे उभी राहील."

बाईंची खालची पापणी ओढून पाहिली, पांढरीफटक होती. रक्त तपासले. हिमोग्लोबिन ७.४ निघाले. गरोदर नसलेल्या बाईला ते किमान १२ तरी हवे. धाप दोन वर्षांपासूनची आणि उसावरचा केवडा आठ दिवसांपूर्वीचा! ऊस आणि बाई, दोघांचे दुखणे एकच आहे, असे मी म्हणालो तेव्हा यजमान हसले. म्हणून आज जरा शेतीत शिरतो. शेतकी पदवीधरांनी सांभाळून घ्यावे.

पान हे झाडाचे स्वयंपाकघर. हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि मुळांनी आणलेले पाणी यांपासून उन्हाच्या शक्तीवर तिथे साखर तयार होते. यालाच आपण शाळेत प्रकाशसंश्लेषण म्हणत होतो. ऊन पकडण्याचे काम पानातले हरितद्रव्य करते. गंमत अशी, की हे हरितद्रव्य आणि आपल्या रक्तातले हीम यांची घडण सख्ख्या भावंडांसारखी आहे. दोन्हींत चार नायट्रोजन असलेले एक कडे असते. हरितद्रव्यात त्याच्या मधोमध मॅग्नेशियम, तर हीममध्ये लोह.

मग उसाला लोह कशाला? हरितद्रव्यात लोह नसते, पण ते तयार करायला लोह लागते. शिवाय पकडलेल्या उन्हाची शक्ती पुढे पोचवणाऱ्या साखळीतही लोहाचे दुवे असतात. लोह कमी पडले की पान पिवळे पडते, चूल थंडावते आणि कांड्यात साखर भरत नाही. मँगनीज, तांबे, जस्त यांचेही असेच. लागतात चिमूटभर, पण त्यांच्यावाचून अडते. जस्त कमी पडले की पाने बारीक राहतात, पेरे आखूड होतात. माणसाच्या पोरालाही जस्त कमी पडले तर उंची खुंटते, हे जाता जाता सांगतो.

पान पिवळे दिसले की युरिया टाकायचा, ही आपल्याकडची रीत. नत्र कमी असेल तर आधी खालची, जुनी पाने पिवळी होतात, कारण झाड त्यांतले नत्र काढून शेंड्याला देते. लोह एकदा पानात बसले की सहसा हलत नाही. म्हणून लोहाच्या कमतरतेत शेंड्याची कोवळी पाने पिवळी पडतात आणि शिरा हिरव्या राहतात. पिशवीतली पाने तशीच होती. तिथे युरियाचा उपयोग तेवढाच, जेवढा या बाईंना सलाईनचा. सलाईन म्हणजे मिठाचे पाणी. त्यात लोहाचा कणही नसतो.

नीरेच्या कालव्याखालच्या काळ्या, चुनखडीच्या रानात लोह नाही असे नाही. भरपूर आहे. पण चुन्यामुळे ते न विरघळणाऱ्या रूपात अडकून बसते. वर पाणी जास्त दिले की मुळे गुदमरतात आणि केवडा वाढतो. बाईंच्या घरीही तेच. बाजरीची भाकरी, मटकी, पालेभाजी सगळे ताटात असते. पण धान्य-कडधान्यातले फायटेट लोहाला धरून ठेवते आणि जेवणावर घेतलेला चहा उरलेसुरले अडवतो. त्यात दर महिन्याला रक्त जास्त जाते आणि अनवाणी रानात फिरून आकड्या कृमी शिरतात, ते वेगळेच.

उपायही सारखाच. शेतकरी फवारतो ते हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट. मी लिहून दिलेल्या गोळीतही फेरस सल्फेटच. हे ऐकल्यावर यजमानांनी विचारले, "मग पोत्यातलेच चिमूटभर दिले तर?" मुळीच नाही! शेतीचे हिराकस शुद्ध नसते, त्याचे माप नसते. लहान पोराने लोहाच्या गोळ्या मूठभर खाल्ल्या तरी जिवावर बेतते. गोळ्यासुद्धा फळीवर उंच ठेवा.

हिराकस शेणखतात मुरवून द्यावे, म्हणजे शेणखतातली सेंद्रिय आम्ले लोह मोकळे ठेवतात. ताटात तेच काम लिंबू, आवळा, पेरू करतात. मटकीला मोड आणले की फायटेट कमी होते. चहा जेवणापासून तासभर दूर ठेवावा. भाजी लोखंडी कढईत करावी. उसाचे नेमके प्रमाण मला विचारू नका. शेजारी पाडेगावला १९३२ पासून ऊस संशोधन केंद्र आहे, तिथे विचारा.

बाजरी खाणाऱ्यांसाठी एक चांगली बातमी. जास्त लोहाचे 'धनशक्ती' हे वाण २०१४ साली देशभरासाठी मान्य झाले. अशाच जास्त लोहाच्या बाजरीची भाकरी तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या शाळकरी मुलांना काही महिने दिली, तेव्हा त्यांच्या अंगातला लोहाचा साठा वाढला. २०१५ साली ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पण ७.४ वर आलेल्या बाईला नुसती भाकरी पुरत नाही, गोळीच लागते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. म्हणजे दर दुसऱ्या घरात ही पापणी आहे.

गोळीने शौचाला काळे होते, पोटात ढवळते. घाबरून बाया आठ दिवसांत ती सोडतात. ढवळत असेल तर रात्री जेवून घ्या, पण सोडू नका. हिमोग्लोबिन भरल्यावरही साठा भरायला आणखी तीन महिने गोळी चालू ठेवावी लागते.

परवा ते दोघे पुन्हा आले. ऊस हिरवा झाला होता. बाईंचे हिमोग्लोबिन ९.१ होते. "आता बंद करू का गोळ्या?" यजमानांनी विचारले. पाळी जास्त का जाते याची तपासणी अजून व्हायची होती. मी पुढच्या महिन्याची चिठ्ठी लिहून दिली.