आजोबांच्या पोचपावत्या

गेल्या दिवाळीत वडील आमच्याकडे आले, तेव्हा त्यांच्या बॅगेत चकल्यांच्या डब्याखाली मेणकापडात गुंडाळलेलं एक पुडकं होतं. "हे आता तू सांभाळ," एवढंच म्हणाले. मला वाटलं, जमिनीचे कागद असतील. सोडून पाहिलं तर मनिऑर्डरच्या पोचपावत्या, वर्षावार लावून सुतळीने बांधलेल्या.

इथे वाढलेल्या मुलांना सांगावं लागेल म्हणून लिहिते. पोस्टमन गावी रोख पैसे हातात द्यायचा, घेणाऱ्याची सही किंवा अंगठा घ्यायचा आणि तो कागद पाठवणाऱ्याकडे परत यायचा. म्हणजे आजोबांनी जन्मभर जपले ते आजीचे अंगठे!

आजोबा राजापूर तालुक्यातले. १९४८ साली, मिसरूड फुटायच्या वयात, मुसाकाजी बंदरातून बोटीने निघाले आणि भाऊच्या धक्क्यावर उतरले. पहिली काही वर्षं गिरणीत 'बदली' म्हणून काढली. पहाटे भोंग्याआधी दरवाजाशी उभं राहायचं, कोणी गैरहजर असला तर त्याच्या जागी काम, नाहीतर आल्या पावली परत. परळला चाळीत गावच्या मंडळाची खोली होती. तिथे माणसं पाळीप्रमाणे झोपत. एकाची वळकटी उठली की दुसऱ्याची पसरायची. जेवण खाणावळीत.

पुढे साचाखात्यात कायम झाले. सूत तुटू नये म्हणून तिथली हवा मुद्दाम दमट ठेवत. साच्यांच्या खडखडाटात शेजारच्याचंही ऐकू येत नसे, सगळे हातवाऱ्यांनी बोलत. त्यात कान गेले. पुढे म्हातारपणी "पाणी आण गो" हे सुद्धा आजोबा एवढ्या मोठ्याने म्हणत, की आम्ही नातवंडं घाबरून पडवीत पळायचो. आजोबा रागीट आहेत, असंच मला कितीतरी वर्षं वाटत होतं.

वडिलांच्या मनात मात्र खरीच अढी होती. बाप दिसायचा गणपतीत आणि शिमग्याला, तोही रजा मिळाली तर. वडील मॅट्रिक झाले तेव्हा मनिऑर्डरच्या कुपनावर दोनच वाक्यं आली: "पोरास शाबासकी सांगणे. पुढील फी भरणे."

पावत्या चाळताना १९६६ च्या गठ्ठ्यात एक पावती वेगळी, कोऱ्या कागदात घडी घालून ठेवलेली सापडली. तिच्यावर अंगठा नव्हता, सही होती. वाकडी, रेघ सोडून खाली घसरलेली. वडील चष्मा लावून बराच वेळ बघत राहिले. "आईला मीच शिकवली होती. चुलीतली राख पसरून, काडीने. अण्णा कधी चकार शब्द बोलले नाहीत. मला वाटलं, त्यांनी पाहिलंच नाही."

जानेवारी १९८२ नंतर पावत्या एकदम थांबतात. त्या महिन्याच्या १८ तारखेला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. जवळजवळ अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि तो संप रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही. मग उलटी गंगा वाहू लागली. आजी गावाहून येणाऱ्यांबरोबर तांदूळ, कुळथाची पिठी, सुकट पाठवू लागली. वडील तेव्हा रत्नागिरीला शाळेत मास्तर होते. त्यांनी आजोबांना शंभर रुपयांची मनिऑर्डर केली. ती 'घेण्यास नकार' असा शेरा घेऊन परत आली. ते वडिलांना फार लागलं. पुढे कितीतरी दिवस बापलेकांत कामापुरतंच बोलणं होतं.

आता या पुडक्यात जून १९८३ ची पावती आहे. गिरणी सुटली होती. आजोबा एका इमारतीत रात्रीचे वॉचमन झाले होते. आधी दोनशे रुपये जात, ही साठ रुपयांची आहे. खाली आजीची सही, आता सरळ रेघेत. तिथून दर महिन्याची एक, आजोबा ट्रंक घेऊन कायमचे गावी परतले त्या १९९१ सालापर्यंत.

"साठ रुपये," वडील म्हणाले. "आणि माझे शंभर परत केले." मग हसले. हसता हसता चष्मा काढून पुसायला लागले, तेव्हा मी चहा टाकायला उठले.

पुडकं आता माझ्या कपाटात आहे. मेणकापडाला चिरा पडल्यात, ते बदलायला हवं. सुतळी मात्र तीच ठेवणार आहे.