विश्लेषण : ‘चार भिंतींच्या आत’ की रस्त्यावर? समलैंगिकता आणि ‘प्राइड’वरचा वाद नेमका कुठे अडला आहे?

समलैंगिक संबंध भारतात गुन्हा राहिलेले नाहीत, त्याला ६ सप्टेंबर २०१८ पासून बरीच वर्षे झाली. तरीही मुंबई-पुण्यात प्राइड पदयात्रा निघाली, की तिच्या छायाचित्रांखाली एकच प्रश्न हमखास येतो : घरात काय करायचे ते करा, रस्त्यावर कशाला? प्रश्न विचारणारे सगळेच द्वेषाने विचारतात असे नाही. अनेकांना तो खरोखर पडलेला असतो. म्हणून त्याचे उत्तर कायद्यात आणि अलीकडच्या इतिहासात शोधावे लागते.

प्राध्यापक सिरस प्रकरण काय होते?

या वादाचा एक धागा थेट मराठीशी जोडलेला आहे. डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस हे मराठीचे प्राध्यापक आणि कवी. अलिगढ मुस्लीम विद्यापीठात ते आधुनिक भारतीय भाषा विभागाचे प्रमुख होते. ८ फेब्रुवारी २०१० रोजी काही जण कॅमेरा घेऊन त्यांच्या घरात घुसले आणि त्यांचे एका पुरुषाबरोबरचे खासगी क्षण चित्रित केले. विद्यापीठाने कारवाई केली ती प्रामुख्याने सिरस यांच्यावर. गैरवर्तनाचा ठपका ठेवून त्यांना निलंबित करण्यात आले, विद्यापीठाचे घरही सोडावे लागले. निवृत्ती काही महिन्यांवर आली होती.

सिरस अलाहाबाद उच्च न्यायालयात गेले. १ एप्रिल २०१० रोजी न्यायालयाने त्यांच्या बाजूने आदेश दिला. ७ एप्रिलला ते भाड्याच्या घरात मृतावस्थेत आढळले. हन्सल मेहता यांचा ‘अलिगढ’ (२०१६) हा चित्रपट याच घटनेवर आहे. त्यात मनोज बाजपेयी यांनी सिरस यांची भूमिका केली.

इथे एक तपशील महत्त्वाचा आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने जुलै २००९ मध्येच प्रौढांमधील संमतीने होणारे संबंध कलम ३७७ च्या कक्षेतून बाहेर काढले होते. म्हणजे सिरस यांनी कोणताही गुन्हा केला नव्हता. ते रस्त्यावर नव्हते, घोषणा देत नव्हते, हातात झेंडा नव्हता. ते चार भिंतींच्या आतच होते. ‘घरात काय ते करा’ हा सल्ला देताना घराची कडी आतून लावलेली राहील, याची हमी मात्र कुणी देत नाही.

कलम ३७७ कधी आले, कधी गेले?

हे कलम १८६० च्या भारतीय दंड संहितेतले, इंग्रजी अमलातले. ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ शरीरसंबंधाला त्यात जन्मठेपेपर्यंतच्या शिक्षेची तरतूद होती. त्याखाली शिक्षा झालेल्यांची संख्या फार नव्हती. कलमाचा खरा उपयोग धाक दाखवण्यासाठी, पैसे उकळण्यासाठी आणि कामे अडवण्यासाठी व्हायचा. जुलै २००१ मध्ये लखनऊत एचआयव्ही प्रतिबंधाचे काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना या कलमाखाली अटक झाली आणि त्यांना ४७ दिवस तुरुंगात राहावे लागले. त्याच वर्षी नाझ फाउंडेशनने दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले. त्यावर २ जुलै २००९ रोजी न्या. अजित प्रकाश शहा आणि न्या. एस. मुरलीधर यांनी निकाल दिला. न्या. शहा मूळचे सोलापूरचे.

त्या निकालाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलेल्यांत एक ज्योतिषी होते. त्याचबरोबर हिंदू, मुस्लीम आणि ख्रिस्ती संघटनाही होत्या. एरवी एकमेकांच्या वाऱ्याला उभ्या न राहणाऱ्या मंडळींचे असे एकमत आपल्याकडे क्वचितच दिसते. ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कलम पुन्हा जिवंत केले. कायदा बदलायचा तर संसदेने बदलावा, असे खंडपीठाचे म्हणणे होते. संसदेत काय झाले? शशी थरूर यांनी डिसेंबर २०१५ मध्ये खासगी विधेयक आणले, तेव्हा ते मांडायलाच ७१ विरुद्ध २४ मतांनी नकार मिळाला.

पुढे २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आणि ३७७ चा पाया खचला. २०१८ चा नवतेज सिंग जोहर निकाल पाच न्यायाधीशांचा आणि एकमताचा होता. या लोकांना न्याय द्यायला झालेल्या उशिराबद्दल इतिहासाने त्यांची माफी मागायला हवी, अशा आशयाचे न्या. इंदू मल्होत्रा यांचे म्हणणे त्या वेळी खूप गाजले. केंद्र सरकारने मात्र बाजू घेणे टाळून हा विषय न्यायालयाच्या विवेकावर सोडला होता.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ३७७ हे कलम पूर्णपणे वगळले आहे. त्यातून एक वेगळीच पोकळी तयार झाली. प्रौढ पुरुषावर किंवा तृतीयपंथी व्यक्तीवर जबरदस्ती झाली, तर बलात्काराच्या व्याख्येत ती बसत नाही, आणि संमती नसलेल्या संबंधांसाठी शिल्लक ठेवलेले ३७७ ही आता नाही. समर्थक आणि विरोधक दोघांच्याही भांडणात हा मुद्दा फारसा येत नाही. तो यायला हवा.

महाराष्ट्रात हा वाद नवा आहे का?

‘हे पाश्चात्त्यांचे खूळ’ हा आक्षेप नेहमीचा. त्यासाठी १९३४ सालची मुंबई आठवावी. महर्षी कर्वे यांचे पुत्र रघुनाथ धोंडो कर्वे १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवत होते. वाचक त्यात लैंगिक आयुष्याविषयी प्रश्न विचारत आणि कर्वे आडपडदा न ठेवता उत्तरे देत. हस्तमैथुन आणि समलैंगिकता यांविषयीच्या अशाच उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरण्यात आला. कर्व्यांच्या बाजूने उभे राहिले बॅरिस्टर भीमराव रामजी आंबेडकर.

वाचकांना प्रश्न पडत असतील तर त्यांना उत्तरे मिळालीच पाहिजेत, लैंगिक विषयावर लिहिले म्हणून ते अश्लील ठरत नाही, असा आंबेडकरांच्या युक्तिवादाचा रोख होता. हॅवलॉक एलिस यांच्या संशोधनाचा आधारही त्यांनी घेतला. न्यायालयाला ते पटले नाही. कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. पण हे प्रश्न पाठवणारे मराठी वाचक ९० वर्षांपूर्वी होते, ही बाब उरतेच. अजित दळवी लिखित आणि अतुल पेठे दिग्दर्शित ‘समाजस्वास्थ्य’ या नाटकात हे सारे आले आहे. विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ हे नाटक रंगभूमीवर आले १९८१ मध्ये. त्याची नायिका दुसऱ्या स्त्रीवर प्रेम करणारी आहे.

विरोधाची परंपराही इथलीच. दीपा मेहता यांच्या ‘फायर’ला सेन्सॉरचे प्रमाणपत्र होते. तरीही डिसेंबर १९९८ मध्ये शिवसैनिकांनी मुंबईतली चित्रपटगृहे फोडली आणि तत्कालीन मुख्यमंत्री मनोहर जोशी यांनी त्यांची पाठराखण केली. विशेष म्हणजे मुंबईतच अशोक राव कवी यांनी १९९० मध्ये ‘बॉम्बे दोस्त’ हे नियतकालिक सुरू केले होते आणि १९९४ मध्ये हमसफर ट्रस्टची स्थापना झाली होती. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी समपथिक ट्रस्टमार्फत मराठीतून पुस्तके आणि पुस्तिका काढल्या. इंग्रजी न येणाऱ्या मुलांपर्यंत आणि त्यांच्या आईवडिलांपर्यंत हा विषय नेण्याचे काम त्यांनी केले.

प्राइड म्हणजे नेमके काय? अभिमान कशाचा?

न्यू यॉर्कमधल्या स्टोनवॉल इन या बारवर २८ जून १९६९ रोजी पहाटे पोलिसांनी छापा घातला. ग्राहकांनी नेहमीसारखे मुकाट निघून जाण्याऐवजी प्रतिकार केला. पुढच्या वर्षी त्याच दिवशी मोर्चा निघाला आणि ती प्रथा जगभर पसरली. भारतात पहिली पदयात्रा कोलकात्यात २ जुलै १९९९ रोजी निघाली. चालणारे होते अवघे १५ जण. मुंबईत २००८ पासून ‘क्वीअर आझादी मार्च’ सुरू झाला. त्यासाठी निवडलेली जागा म्हणजे ऑगस्ट क्रांती मैदान. पुण्यात डिसेंबर २०११ मध्ये पदयात्रा निघाली. आपल्याकडे या यात्रा बहुधा थंडीत निघतात. जूनमधल्या मुंबईत झेंडे घेऊन चालायचे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको.

‘प्राइड’चा मराठी अनुवाद ‘अभिमान’ होतो आणि गैरसमज तिथूनच सुरू होतो. जन्मतः असलेल्या गोष्टीचा अभिमान कसला, हा प्रश्न मग रास्त वाटतो. पण या शब्दाचा अर्थ त्याच्या विरुद्ध शब्दातून लागतो. तो शब्द गर्व किंवा नम्रता यांपैकी नाही, तर लाज हा आहे. ज्या गोष्टीची लाज बाळगायला सांगितले गेले, ती आम्ही बाळगणार नाही, एवढाच त्याचा मूळ आशय.

कपड्यांवरून आणि रंगरंगोटीवरून होणारी टीका वेगळी. ती पदयात्रेच्या आतूनही होते. भडक दिसल्याने आईवडील बिचकतात, असे काहींना वाटते, तर लोकांना पटेल तेवढेच वागायचे असेल तर चालायचेच कशाला, असे इतरांना. कंपन्यांचे फलक आणि प्रायोजकत्व हवे की नको, यावरही मतभेद आहेत. १ फेब्रुवारी २०२० रोजी मुंबईतल्या कार्यक्रमाला ऑगस्ट क्रांतीची परवानगी नाकारली गेली आणि तो आझाद मैदानात झाला. तिथे दिल्या गेलेल्या राजकीय घोषणांवरून देशद्रोहाचा गुन्हा नोंदवला गेला. आयोजकांनी घोषणांपासून हात झटकले. ही यात्रा फक्त लैंगिकतेपुरती ठेवायची की जात, धर्म, नागरिकत्व हे प्रश्नही तिचेच, हा वाद तेव्हापासून जाहीर आहे.

लग्नाचा प्रश्न कुठे अडला?

२०२३ मध्ये भांडण शयनगृहातून बाहेर पडून रेशनकार्डापर्यंत पोहोचले. केंद्राने न्यायालयात सांगितले, की भारतीय कुटुंबाची कल्पना पती, पत्नी आणि अपत्ये अशी आहे, आणि ही मागणी शहरी उच्चभ्रूंची आहे. सरसंघचालक मोहन भागवत यांनी त्याच वर्षी जानेवारीत अशा व्यक्ती समाजात पूर्वापार आहेत, त्यांना त्यांचे स्थान मिळावे, असे म्हटले होते. दोनच महिन्यांनी सरकार्यवाह दत्तात्रेय होसबाळे यांनी विवाह हा स्त्री-पुरुषांमधला संस्कार आहे, अशी भूमिका मांडली. या दोन विधानांच्या मध्येच आजचा बहुतेक मध्यमवर्ग उभा आहे : माणूस मान्य, लग्न अमान्य. जमियत उलेमा-ए-हिंदनेही न्यायालयात विरोध केला. राज्यांना मत विचारले तेव्हा राजस्थान, आसाम आणि आंध्र प्रदेशने विरोध कळवला, महाराष्ट्राने आणखी वेळ मागितला. त्याआधी एप्रिल २०२२ मध्ये खासदार सुप्रिया सुळे यांनी विशेष विवाह कायद्यात बदल सुचवणारे खासगी विधेयक लोकसभेत मांडले होते.

१७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात पाचही न्यायाधीशांचे एका बाबतीत एकमत होते : विवाह हा मूलभूत हक्क नाही, कायदा बदलणे संसदेचे काम. नागरी सहजीवनाला मान्यता आणि जोडप्याने दत्तक घेणे या मागण्या ३ विरुद्ध २ अशा फेटाळल्या गेल्या. जानेवारी २०२५ मध्ये पुनर्विचार याचिकाही फेटाळली गेली.

जनमत काय म्हणते? प्यू रिसर्च सेंटरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत भारतात समलैंगिक विवाहाच्या बाजूने ५३ टक्के, तर विरोधात ४३ टक्के लोक होते. पाहणीत अनोळखी माणसाला दिलेले उत्तर आणि स्वतःच्या मुलाने विषय काढल्यावर दिलेले उत्तर यांत अंतर असते, हे धरूनच हा आकडा वाचावा.

लग्न नसल्याने काय अडते?

वीस वर्षे एकत्र राहिलेल्या दोघांपैकी एक जण अतिदक्षता विभागात असेल, तर रुग्णालय आधी ‘नातेवाईक’ शोधते. सोसायटीत नॉमिनी म्हणून जोडीदाराचे नाव लावता येते, पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. मृत्युपत्र नसेल, तर सदनिका वारसा कायद्याप्रमाणे आईवडील, भावंडे यांच्याकडे जाते, मग त्यांनी कित्येक वर्षे तोंड पाहिलेले नसले तरी. दत्तक फक्त एकट्याच्या नावाने घेता येते.

२०२३ च्या निकालानंतर मंत्रिमंडळ सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. २०२४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये केंद्राने काही गोष्टी स्पष्ट केल्या : संयुक्त बँक खाते उघडण्यास आणि जोडीदाराला नॉमिनी करण्यास आडकाठी नाही, रेशनकार्डासाठी जोडीदार एकाच कुटुंबातले धरावेत, आणि जवळचे नातेवाईक उपलब्ध नसतील तर जोडीदाराला पार्थिव ताब्यात घेता यावे. शेवटच्या सूचनेतली अट पुन्हा वाचण्यासारखी आहे.

या सूचना शाखेतल्या खिडकीपर्यंत पोहोचायला वेळ लागतो. त्यामुळे तूर्त वकील मंडळींचा सल्ला साधा असतो : नोंदणीकृत मृत्युपत्र करा, आर्थिक व्यवहारांसाठी मुखत्यारपत्र करा, विमा आणि खात्यांवर नॉमिनी लावा. लग्न झालेल्या जोडप्याला जे एका प्रमाणपत्राने मिळते, त्यासाठी इथे फाइल तयार करावी लागते.

न्यायालयांत पुढे काय?

मे २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने कुटुंबीयांनी डांबून ठेवलेल्या तरुणीला तिच्या मैत्रिणीकडे जाण्याची मुभा देताना, लग्न हाच कुटुंबाचा एकमेव पाया नाही, निवडलेले कुटुंबही कुटुंबच, असे म्हटले. मुंबई उच्च न्यायालयापुढील प्रश्न अधिक रोकडा आहे. प्राप्तिकर कायद्यात पती-पत्नीने एकमेकांना दिलेली भेट करमुक्त असते. समलैंगिक जोडीदाराने दिलेल्या पन्नास हजारांवरील भेटीवर मात्र कर लागतो. एका जोडप्याने या तरतुदीला आव्हान दिले असून ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने ॲटर्नी जनरलना नोटीस काढली. कायद्यातील ‘पती-पत्नी’ या शब्दात कोण बसते, हे सर्वोच्च न्यायालयाने संसदेवर सोडले होते. तोच शब्द आता करविवरणपत्राच्या निमित्ताने पुन्हा न्यायालयात आला आहे.